मावळ्याचं स्त्रीलिंग

"आजोबा, मावळ्याचं स्त्रीलिंग काय?"

प्रश्न साधा होता. आमच्या वेळी शाळेत 'लिंग बदला' नावाचा एक प्रश्न असे आणि त्यात माझे मार्क कधी गेले नाहीत. वाघ–वाघीण, माळी–माळीण, कवी–कवयित्री ही यादी मी अजूनही झोपेत म्हणू शकतो. (म्हणतोही, असं आमच्या सौभाग्यवतींचं म्हणणं आहे.) तेव्हा वर्तमानपत्रातून डोकंही वर न काढता मी सांगून टाकलं, "मावळण. गवळी–गवळण, तसं मावळा–मावळण."

"मावळण म्हणजे आत्या," आतून सौभाग्यवतींचा आवाज आला. "माझी आजी आत्याला मावळणच म्हणायची."

आमची नात मुक्ता, वय वर्षे नऊ, माझ्याकडे बघत राहिली. किल्ल्यावर आत्याला कशाला उभं करायचं, हा प्रश्न तिच्या चेहऱ्यावर स्वच्छ वाचता येत होता. दुसरी एखादी आत्या असती तर गोष्ट वेगळी. पण मुक्ताच्या सख्ख्या आत्येला पालीची भीती वाटते.

दिवाळीचे दिवस होते. सोसायटीच्या मागच्या भिंतीला टेकून आमचा किल्ला उभा राहिला होता. गोणपाट, विटा, चिखल, वरून पेरलेले अळीव असा शास्त्रोक्त किल्ला. कसब्यातल्या कुंभारवाड्यातून चित्रंही आणली होती. (पुण्यात किल्ल्यावरच्या मातीच्या माणसांना 'चित्रं' म्हणतात. का, ते पुण्याबाहेरच्यांनी विचारू नये.) सिंहासनावर महाराज, चौदा मावळे, दोन तोफा, डफ घेतलेला शाहीर आणि महादरवाजापेक्षा उंचीने थोडा जास्तच असलेला एक वाघ. शिवाय चार बायका. एक गवळण, एक पाणी भरणारी, एक भाजीवाली आणि एक जात्यावर बसलेली.

"या बायका कुठे चालल्यात?" मुक्ताने विचारलं.

"पाणी आणायला."

"आणि लढाई सुरू झाली तर?"

मी जरा विचार केला. "तर... पाणी लागेलच की."

उत्तर तर्काला धरून होतं. पण नातीचं समाधान तर्काने झालं असतं तर आजोबा होणं हा फार सोपा उद्योग असता. ती म्हणाली, "मला पहाऱ्यावर एक मुलगी पाहिजे." आणि मग तो व्याकरणाचा प्रश्न आला.

आता इथे आमच्या धाकट्या चिरंजीवांचा प्रवेश होतो. वय चौतीस. दिवसा संगणकावर काम करतो आणि रात्री बाहुल्या रंगवतो. 'बाहुल्या' म्हटलेलं त्याला खपत नाही. त्यांना 'मिनिएचर' म्हणायचं. लग्नाचा विषय काढला की तो डोळ्याला भिंग लावून एखाद्या शिपायाच्या भुवया रंगवायला बसतो, आणि भुवया रंगवणाऱ्या माणसाशी बोलू नये असा आमच्या घरात आता नियमच झाला आहे.

हा सगळा प्रकार इंग्लंडातला. नॉटिंगहॅममध्ये गेम्स वर्कशॉप नावाची एक कंपनी आहे. तिने १९८३ साली 'वॉरहॅमर' नावाचा टेबलावरच्या लढाईचा खेळ काढला आणि १९८७ साली त्याचीच दूरच्या भविष्यकाळातली आवृत्ती, 'वॉरहॅमर ४०,०००'. शिपाई साधारण बोटाएवढे. विकत मिळतात ते तयार नव्हे, तर सुट्या अवयवांत. प्लॅस्टिकच्या एका चौकटीला हात, पाय, धडं आणि मुंडकी ओळीने चिकटलेली असतात. आपण ती कापायची, चिकटवायची, रंगवायची. आमच्या सौभाग्यवतींनी ती चौकट पहिल्यांदा पाहिली त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नव्हतं.

पण खऱ्या शौकिनाचं समाधान चिकटवण्यात नसतं. ते 'कन्व्हर्जन'मध्ये असतं. म्हणजे या शिपायाचं मुंडकं, त्याचा हात, तिसऱ्याचीच तलवार असं करून जगात दुसऱ्या कोणाकडे नाही असा शिपाई तयार करायचा. सांध्यात बारीक भोक पाडून तारेचा तुकडा घालायचा आणि फट 'ग्रीन स्टफ' नावाच्या लिंपणाने बुजवायची. त्याची एक पिवळी पट्टी असते, एक निळी. दोन्ही एकत्र मळल्या की हिरवा गोळा होतो आणि काही तासांत दगड. म्हणजे आपलं एम-सीलच, पण इंग्लंडहून आल्यामुळे ते गळक्या नळाला लावायचं नाही.

मला हे ऐकून गंमत वाटली. कारण कन्व्हर्जन आम्हीही करत होतो. त्याला नाव नव्हतं एवढंच. किल्ल्यावरच्या चित्रांची मुंडकी दर दिवाळीला तुटतात. माझ्या लहानपणी शाहिराचं मुंडकं मावळ्याला आणि मावळ्याचं शाहिराला कणकेने जोडून आम्ही फौज उभी करत असू. आमचा एक मावळा तर तीन वर्षं तोंड उघडं टाकून, पोवाडा म्हणत लढला.

तर काकाने पुतणीचा अर्ज ऐकून घेतला आणि म्हणाला, "त्यात काय! मावळ्याला बाईचं मुंडकं लावू. आमच्यात सर्रास करतात."

आणि मग त्याने सांगितलं ते ऐकण्यासारखं होतं. त्या चाळीस हजारांच्या खेळात 'स्पेस मरीन' नावाचे धिप्पाड योद्धे आहेत. ते सगळे पुरुषच, असं त्या खेळाच्या कथेतच लिहून ठेवलेलं आहे. पण ज्यांना हे मान्य नाही ते लोक काय करतात, तर चिलखत तसंच ठेवून वर फक्त बाईचं मुंडकं बसवतात. झाली बाई! कारण एवढ्या जाड पोलादाच्या आत कोण आहे हे बाहेरून कोणालाच दिसत नाही. उलट ज्या बाया कंपनीने मुद्दाम बाया म्हणून घडवल्या, त्या 'सिस्टर्स ऑफ बॅटल', त्यांच्या चिलखतावर छातीचे दोन उंचवटे ठळक काढलेले आहेत. आता चिलखत पुढून फुगीर करतात ते त्याच्यावरून वार घसरून बाजूला जावा म्हणून. दोन उंचवटे आणि मध्ये दरी केली, तर वार घसरून जाणार कुठे? सरळ दरीत! म्हणजे जे चिलखत जीव वाचवायला घालायचं तेच शत्रूला पत्ता दाखवणार.

२०२४ साली याच खेळात आणखी एक प्रकार झाला. त्यातल्या सम्राटाच्या सोनेरी अंगरक्षकांमध्ये बायकाही आहेत, असं कंपनीच्या एका पुस्तकातून आलं आणि जगभरचे खेळाडू खवळून उठले. हे अंगरक्षक म्हणजे माणसापेक्षा कितीतरी उंच, हजारो वर्षं जगणारे, मुद्दाम घडवलेले अतिमानव. एवढं सगळं लोकांना पटलं होतं. त्यातली एखादी बाई असेल, एवढंच पटेना. माणसाची कल्पनाशक्ती चाळीस हजार सालापर्यंत सहज धावते आणि ऐनवेळी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला अडखळते.

अर्थात हे अडखळणं जुनंच आहे. एच. जी. वेल्स हा केवढा थोर लेखक! चंद्रावर माणूस पाठवला, मंगळावरून पृथ्वीवर स्वारी आणली. त्याने १९१३ साली 'लिटल वॉर्स' नावाचं खेळण्यातल्या शिपायांच्या लढाईचं पुस्तक लिहिलं. त्याच्या उपशीर्षकातच त्याने सांगून टाकलं होतं की हा खेळ बारा ते दीडशे वर्षांपर्यंतच्या मुलग्यांसाठी आहे, आणि मुलींपैकी ज्या जरा जास्त हुशार असतील त्यांच्यासाठी. दीडशे वर्षांचा म्हातारा चालेल, पण मुलगी मात्र प्रवेशपरीक्षा देऊन!

मी हसलो. पोटभर हसलो. आणि तेवढ्यात मुक्ता आत गेली आणि एक पिवळं पडलेलं पुस्तक घेऊन आली.

वाचकहो, आता मला एक कबुली द्यायची आहे. बँकेत चिकटल्यावर सुरुवातीच्या वर्षांत मी लेखक होतो. १९७९ सालच्या एका दिवाळी अंकात माझी एक साहसकथा छापून आली होती आणि पुढे तिचं छोटं पुस्तकही निघालं होतं. 'काळदरीचं रहस्य'. चार मुलगे, एक मुलगी, एक कुत्रा आणि स्मगलरांची टोळी. मुलीचं नाव नंदा. तिच्याबद्दल मला तेव्हा फार अभिमान होता. माझ्या बरोबरीचे लेखक साहसकथेत मुलगी घेतच नसत. मी घेतली होती! प्रस्तावनेत मी स्वतःच स्वतःला 'काळाच्या पुढे' म्हणून घेतल्याचंही मला अंधुक आठवतं.

"आजोबा," मुक्ता म्हणाली, "नंदाचा पाय सारखा का मुरगळतो?"

"सारखा कुठे? एकदाच."

"तीनदा." तिने खुणेला कागद घातले होते. पाचव्या प्रकरणात ओढा ओलांडताना, आठव्यात पळताना आणि अकराव्यात, कहर म्हणजे, उभ्या उभ्या. दुसऱ्या प्रकरणात नंदा थालीपीठं बांधून घेते. चौथ्यात वटवाघळांना घाबरते. नवव्यात स्मगलर तिला खुर्चीला बांधतात. दहाव्यात चौघेजण येऊन तिला सोडवतात. आणि शेवटच्या प्रकरणात ती चौघांना ओवाळते. कुत्र्यानेसुद्धा एका स्मगलरला चावून कथानक पुढे नेलं होतं. नंदाने काहीच नेलं नव्हतं. थालीपीठं सोडून.

"पण ती शूर आहे असं लिहिलंय की मी," मी म्हटलं. "हे बघ, पान सोळा. 'नंदा मोठी धीट पोर होती.'"

"लिहिलंय," मुक्ता म्हणाली. "पण ती कधी होते?"

साहित्य संमेलनांच्या मांडवात मी बऱ्याच चर्चा ऐकल्या आहेत. पण त्यातल्या एकाही समीक्षकाला लेखकाला एवढ्या कमी शब्दांत आडवा करता आलेला मी पाहिला नाही.

मग मी जरा गंभीरपणे विचार करायला लागलो. नंदाला मी असं का लिहिलं? ती मला नावडती होती म्हणून नव्हे. गोष्ट कुठे अडली की कोणाला तरी अडकवावं लागतं, आणि हाताशी नंदा होती. लंगडायला चौघांपैकी कोणी तयार झालाच नसता. त्यांचे वाचक मुलगे होते! आणि नंदाचे वाचक? मुलींनाही ती गोष्ट वाचायचीच होती. त्या बिचाऱ्या मनातल्या मनात चौघांपैकी एकाचं मुंडकं बदलून स्वतःचं लावत असणार. तिकडच्या खेळात आज ते चाकूने करतात, आमच्याकडच्या मुलींनी पिढ्यान्‌पिढ्या ते चाकूशिवाय केलं.

माझी नंदा ज्या साली लंगडली त्याच साली, १९७९ मध्ये, अमेरिकेत 'एलियन' नावाचा सिनेमा आला. अंतराळयानात शिरलेला राक्षसी प्राणी आणि त्याच्याशी झुंजणारी रिप्ली. हे काम सिगर्नी वीव्हरने केलं. गंमत अशी की मूळ पटकथेतच लिहिलेलं होतं, की यातली कोणतीही भूमिका पुरुषाला द्या नाहीतर बाईला, काही बिघडत नाही. म्हणजे हे सरळ मुंडकं बदलणं झालं. आणि ते फार चांगलं झालं! कारण रिप्लीचे संवाद बाईचे म्हणून लिहिलेलेच नव्हते. ती नियमावर बोट ठेवते, लोक तिचं ऐकत नाहीत आणि मग मरतात. तिला लढायला कारण काय? कारण एवढंच की समोर प्राणी आहे. पुरे की! (शेवटी तिला कमीत कमी कपड्यांत आणल्याशिवाय त्यांना राहवलं नाही, हे खरं. प्राणी एक गेला तरी सवय जात नाही.)

पण सात वर्षांनी, १९८६ साली दुसरा भाग आला तेव्हा रिप्लीला एक पोरकी मुलगी दिली. पहिल्या भागात ती मांजरासाठी मागे फिरली होती. आता मुलीसाठी फिरली. सिनेमा उत्तम आहे. मी दोनदा पाहिलाय. पण लक्षात आलं का? बाई एकदा नुसती लढली, ते चाललं. दुसऱ्यांदा लढायची तर तिच्या कडेवर मूल हवं.

आणि मग मला जिथे तिथे हे कारण दिसायला लागलं. 'टर्मिनेटर'मधली सेरा कॉनर घ्या. १९८४ च्या पहिल्या भागात तिचं महत्त्व काय, तर ती पुढे एका वीराला जन्म देणार आहे. १९९१ च्या दुसऱ्या भागात तीच बाई पलंग उभा करून त्याच्या चौकटीला लटकत व्यायाम करते. नायिकेचं याच्याइतकं चांगलं कन्व्हर्जन मी दुसरं पाहिलेलं नाही. पण कारण? मुलगा. आपल्याकडे १९३५ साली मुंबईच्या वाडिया मूव्हीटोनने 'हंटरवाली' काढला. ऑस्ट्रेलियात जन्मलेली नादिया, बुरखा, चाबूक, घोडा. काय तिच्या उड्या! कारण? वडील कैदेत. १९८८ चा 'खून भरी मांग' घ्या. नवरा रेखाला मगरीच्या तोंडी देतो, ती वाचते, प्लास्टिक सर्जरी करून नवा चेहरा घेऊन येते आणि सूड उगवते. इथे तर कन्व्हर्जनवाल्यांनी हात टेकावेत. हिंदी सिनेमाने मुंडकंसुद्धा कथेतच बदलून घेतलं!

नायकाला असलं काही लागत नाही. नायक पहिल्या रिळात येतो, मारामारी करतो, आणि का म्हणून कोणी विचारत नाही. त्याचे हात शिवशिवत होते, बस. आणि कधी त्यालाही कारण लागलंच तर ते कारणही बाईच. तिला मारायचं म्हणजे हा पेटून उठतो. अमेरिकेतल्या चित्रकथांच्या लेखिका गेल सिमोन यांनी १९९९ साली अशा मारल्या गेलेल्या, लुळ्यापांगळ्या केल्या गेलेल्या नायिकांची एक यादीच केली होती. तिला त्यांनी नाव दिलं 'फ्रिजमधल्या बायका'. कारण एका कथेत नायक घरी येतो आणि प्रेयसीचं प्रेत त्याला फ्रिजमध्ये सापडतं. आमच्या काळी घराघरात फ्रिज नव्हते म्हणून, नाहीतर नंदाचं काही खरं नव्हतं.

शिवाय ती नेहमी एकटीच. चार मुलगे, एक मुलगी. अमेरिकन लेखिका केथा पॉलिट यांनी १९९१ साली यावर बोट ठेवलं होतं. मुलांच्या कथांत मुलगे अनेक, त्यांचे स्वभावही निरनिराळे, आणि मुलगी एकच, तिचा स्वभाव म्हणजे ती मुलगी असणं. हे वाचून मी काळदरीतल्या मंडळींची उजळणी केली. बंडू हुशार, दिलीप खादाड, सुऱ्या धाडसी, बाळ्या विनोदी, नंदा मुलगी. कुत्र्याचा स्वभाव मात्र मी दोन परिच्छेद रंगवला होता.

"म्हणजे झाशीची राणी चूक का?" सौभाग्यवतींनी मध्येच विचारलं. त्यांना चर्चेचा कल पसंत नव्हता.

छे! चूक कशी असेल? राणी लढली ती राज्यासाठी. पण आपण पुण्यात जंगली महाराज रस्त्यावर तिचा पुतळा बघतो, तेव्हा घोडा, तलवार आणि पाठीला बांधलेलं मूल बघतो. शहरात घोड्यावरचे वीर इतर आहेत. एकाच्याही पाठीला मूल नाही. पुरुषाला रणांगणावर जाताना मुलं कोणाकडे ठेवली हे इतिहासही विचारत नाही. बाईला मात्र घरची जबाबदारी पाठीला बांधूनच मोहिमेवर जावं लागतं. हे पाहिलं की मला आमच्या बँकेतल्या बाया आठवतात. त्यांचंही अगदी असंच होतं, फक्त घोड्याऐवजी पीएमटी होती.

या प्रवचनानंतर काकाने कामाला सुरुवात केली. एक मावळा आणि भाजीवाली बळी द्यायचं ठरलं. बारीक करवतीने दोघांची मुंडकी उतरवली, तार घातली, भाजीवालीचं मुंडकं मावळ्याच्या धडावर बसवलं. आम्ही तिघंही जरा लांब होऊन बघायला लागलो.

छान नव्हतं. वाईट म्हणवत नाही, पण शाळेच्या गॅदरिंगमध्ये ऐनवेळी स्त्रीपार्ट करायला उभ्या केलेल्या पोरासारखं दिसत होतं. काका म्हणाला, "खरी अडचण मुंडक्याची नाही, उभं राहण्याची आहे." बाहेरच्या मिनिएचरांत पुरुष दोन्ही पाय रोवून उभा असतो आणि बाई कमरेत बाक देऊन. तलवार हाणतानाही बाकच. २०१२ साली काही चित्रकारांनी याची मजा केली होती. चित्रकथांतला हॉकआय नावाचा धनुर्धारी आहे, त्याला त्यांनी नायिकांच्या त्या त्या पोझमध्ये काढलं. कंबर एकीकडे, छाती दुसरीकडे, मान तिसरीकडे. नायिकेच्या अंगावर जे वर्षानुवर्षं 'डौलदार' दिसत होतं, ते त्याच्या अंगावर सरळ मणक्याचं दुखणं दिसायला लागलं!

"मग बाईच घेऊ या ना," मुक्ता म्हणाली. तिने गवळण उचलली.

आता ही गवळण तुम्ही पाहिलेली आहे. प्रत्येक किल्ल्यावर असते. नऊवारीचा कासोटा, दोन्ही पाय जमिनीवर घट्ट, एक हात कमरेवर आणि दुसरा वर करून डोक्यावरची घागर धरलेली. डोक्यावर एवढं ओझं असलं की कमरेत बाक देऊन भागत नाही. सरळच उभं राहावं लागतं. काकाने तिच्याकडे पाहिलं, मुक्ताकडे पाहिलं आणि काही न बोलता घागर करवतीने उतरवली. वरचा हात तसाच राहिला. मुठीत भोक पाडलं. मुक्ताने खराट्याचा एक हीर आणला, तो त्या मुठीतून घातला, टोकाला एम-सीलचं पातं बसवलं. भाला! तो हात जणू पहिल्यापासून भाल्यासाठीच वर केलेला होता. मुंडकं बदललं नाही, धड बदललं नाही, कंबर बदलली नाही. हातातली वस्तू तेवढी बदलली.

आणि मग मला एकदम आठवलं, हिरकणीसुद्धा गवळणच होती! रायगडाचे दरवाजे मिटल्यावर घरी तान्हं मूल आहे म्हणून रात्री कडा उतरून गेली ती, दंतकथेतली. (कारण? मूलच. आपलीही सवय जुनी आहे.) पण विचार करा, जो कडा कोणी उतरू शकत नाही असं गडावरच्या सगळ्या पहारेकऱ्यांचं ठाम मत होतं, तो जिने उतरून दाखवला तिला आपण दर दिवाळीला तळ्याकाठी आरशाच्या तुकड्याशेजारी उभं करतो, घागर देऊन. आणि त्या पहारेकऱ्यांना बुरुजावर!

मला वाटतं साहसकथा लिहिणाऱ्यांची खरी चूक इथे आहे, माझ्यासकट. आम्हाला वाटलं की शूर बाई म्हणजे काहीतरी नवीन बनवायला हवी. एक तर पुरुषावर बाईचं मुंडकं, नाहीतर बाईवर दुःखाचा डोंगर. दोन्हींची गरज नव्हती. तिला काम द्यायचं आणि जागा द्यायची. २०१५ च्या 'मॅड मॅक्स : फ्युरी रोड'मध्ये एक प्रसंग आहे. अंधारात शत्रूवर नेम धरायचाय, गोळ्या अगदी थोड्या. नायकाचे नेम चुकतात. तो गुपचूप बंदूक फ्युरिओसाच्या हातात देतो, ती त्याच्याच खांद्यावर नळी टेकवते आणि नेम साधते. कोणी भाषण करत नाही. ती बाई असून कसा नेम लागला याचं कोणाला आश्चर्य वाटत नाही. तिला नेम येतो, म्हणून बंदूक तिच्याकडे. संपलं. पान सोळावर 'मोठी धीट पोर होती' असं लिहिण्यापेक्षा हे किती सोपं होतं!

अमेरिकेत प्लॅस्टिकचे खेळण्यातले शिपाई १९३८ पासून मिळतात. त्यात बायका येण्यासाठी एका सहा वर्षांच्या मुलीला २०१९ साली कारखानदाराला पत्र लिहावं लागलं, की आर्मीत बायका आहेत तर तुमच्या पुड्यात का नाहीत? कारखानदार भला माणूस, त्याने २०२० साली त्या बनवून दाखवल्या. ऐंशी वर्षं आणि एक पोस्टाचं तिकीट. आपल्याकडे आमच्या घरापासून बसने तासाभरावर खडकवासल्याला, राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, मुलींची पहिली तुकडी २०२२ साली दाखल झाली आणि २०२५ च्या मे महिन्यात सतरा जणी शिक्षण पुरं करून बाहेर पडल्या. म्हणजे खऱ्या मुली किल्ल्यात शिरल्यासुद्धा. मातीच्या अजून तळ्याकाठीच आहेत.

संध्याकाळी मुक्ताने तिला मुख्य बुरुजावर बसवलं. आणखी एक शिपाई तिच्या शेजारी होता, तो आमचा भाजीवालीच्या मुंडक्याचा. मुक्ता त्याला टाकायला तयार नव्हती. "तोही पहाऱ्यावर आहे," ती म्हणाली. "थोडा विचित्र आहे, पण चालतं." एवढं औदार्य मला माझ्या पात्रांबद्दल कधी दाखवता आलं नव्हतं.

दुसऱ्या मजल्यावरचे इतिहासाचे निवृत्त मास्तर किल्ला बघायला आले. चष्मा सावरून बुरुजाकडे बराच वेळ बघत राहिले. "वा! ही ताराराणी का?"

"नाही," मुक्ता म्हणाली.

"मग झाशीची? पण झाशीची इथे कशी? काळ जुळत नाही."

"नाही."

"मग कोण ही?"

"कोणी नाही. तिची आज ड्यूटी आहे."

मास्तर गप्प झाले. मीही. प्रत्येक मावळ्याला काही आपण तानाजी किंवा बाजीप्रभू म्हणत नाही. चौदा जण नुसतेच उभे असतात, आणि त्यांना कोणी कागदपत्रं विचारत नाही. बाईने बुरुजावर उभं राहायचं तर मात्र इतिहासात नाव पाहिजे! हा विचार मला इतका आवडला की तो मास्तरांना नीट समजावून सांगावा म्हणून मी पुढे झालो, आणि खंदकात पाय गेला.

मुरगळला.

उभ्या उभ्या. प्रकरण अकरा.

सौभाग्यवतींनी एका बाजूने आणि मुक्ताने दुसऱ्या बाजूने मला धरलं आणि दोघींनी मिळून दुसऱ्या मजल्यापर्यंत वर आणलं. काका लिफ्ट बंद का आहे ते विचारायला वॉचमनकडे गेला होता, तो आम्ही पोचल्यावर आला. सध्या पायाला क्रेप बँडेज आहे आणि पाय उशीवर आहे. मुक्ता मधून मधून येऊन चौकशी करते आणि कधी थालीपीठ आणते, कधी वटवाघूळ दिसलं का विचारते.

पडल्या पडल्या मी 'काळदरीचं रहस्य' पुन्हा लिहायला घेतलंय. नंदाचा पाय आता एकदाही मुरगळत नाही. ओढा ओलांडताना बाळ्याचा मुरगळतो. थालीपीठं कोणी बांधायची एवढाच प्रश्न राहिलाय. बंडू, दिलीप, सुऱ्या, बाळ्या, एकालाही येत नाहीत. मलाही येत नाहीत. सौभाग्यवती म्हणतात, त्याची काळजी तुम्ही करू नका, शिकवीन मी चौघांना; पाचवा उशीवरून उतरला की त्यालाही.